मदत हवी आहे: लांब मानेचा पाण्यातला प्राणी कोणत्या गटात? (अर्जंट)

पंचवटीची_आई: उद्या सकाळी लेकीचं विज्ञान प्रदर्शन. लगद्याचं मॉडेल झालंय, खाली 'समुद्री डायनासोर' लिहिलं होतं. बाईंनी ते खोडायला लावलं, बरोबर काय ते सांगितलंच नाही. काय लिहू? शिवाय मान सारखी खाली येतेय.

सिडकोवाला: प्राणी कोणता? पाय की वल्ही?

पंचवटीची_आई: वल्ही, चार. डोकं लिंबाएवढं. नाव वहीत आहे, वही शाळेत.

खडकवेडा: मग प्लेसिओसॉर. बाई बरोबर आहेत. तो सरीसृपच, पण डायनासोर नाही. सॉरोप्टेरिजिया हा गटच वेगळा, त्यातला प्लेसिओसॉरिया. जीवाश्म शोधणाऱ्या मेरी ॲनिंगला १८२३ मध्ये इंग्लंडात लाइम रीजिसला याचा जवळजवळ अख्खा सांगाडा मिळाला होता.

मिसळप्रेमी: गंगापूर धरणाजवळ मला दगडात पांढरे सुळे दिसले होते. त्याचेच दात का?

खडकवेडा: ते झिओलाइटचे स्फटिक. आपल्याकडचा काळा दगड लाव्हाचा, त्यात समुद्री हाडं कुठली? धागा भरकटवू नका.

गोदाकाठ_७: एवढं काय त्यात! 'डायनासोरच्या काळातला' लिहा नि मोकळ्या व्हा. आमच्या वेळी सोडा-व्हिनेगरचा ज्वालामुखी केला की बक्षीस.

सिडकोवाला: मानेत जाड तार घाला ताई, हंसासारखी ताठ उभी राहील. मी मुलाच्या जिराफाला घातली होती.

खडकवेडा: जिराफ नाहीये हा! एलास्मोसॉरस हा याच गटातला, त्याच्या मानेत ७२ मणके होते, तरी ती हंसासारखी उभी वळत नव्हती. आडवीच ठेवा.

सिडकोवाला: मग स्कॉटलंडच्या लॉक नेस तळ्यातल्या राक्षसाच्या फोटोत मान उभी कशी?

खडकवेडा: तो फोटो बनावट निघाला, साहेब. आणि ताई, डोकं कुठल्या टोकाला लावलंय ते बघा. अमेरिकेत कोपसारख्या तज्ज्ञाने १८६९ च्या चित्रात एलास्मोसॉरसचं डोकं शेपटीला लावलं होतं.

मिसळप्रेमी: हे भारी! पण ते झिओलाइट विकलं जातं का?

पंचवटीची_आई: डोकं जागेवर आहे. तार काढली, मान आडवी केली, 'प्लेसिओसॉरिया' लिहिलं. पण मानेत दोऱ्याची रिकामी रिळं ओवलीत, चौदाच. माझ्या खांद्यावरून तिने ७२ वाचलं, आता रडतेय. रात्रीचे दहा वाजलेत. पंचवटीत कुणा शिवणकाम करणाऱ्या ताईंकडे रिळं आहेत का?