मदत हवी आहे: सेल आज रात्री संपतोय, दोनपैकी कोणता हॉरर गेम घेऊ? लवकर सांगा

अर्धाकप (रात्री ८:०५)
मंडळी, स्टीमचा (गेम विकणारं ऑनलाइन दुकान) समर सेल आज संपतोय. कार्टमध्ये दोन टाकलेत: रेसिडेंट ईव्हिल २ (नवा, २०१९ चा) आणि एलियन आयसोलेशन. पैसे एकाचेच आहेत. यूट्यूबवर बघून डोक्याचा अजून भुगा झाला. कोणता घेऊ ते एका ओळीत सांगा. अ‍ॅम्नेशिया मागे घेतला होता, तासाभरात सोडून दिला, तेव्हा तो सुचवू नका.

रात्रपाळी (८:११)
एलियन. विचारायचं काय त्यात. तो प्राणी मरतच नाही. कपाटात शिरायचं आणि श्वास रोखून बसायचं. गेममध्ये प्राण्याला चालवणारी कॉम्प्युटरची दोन डोकी आहेत. एकाला तू कुठे आहेस ते कायम ठाऊक असतं, पण ते प्राण्याला फक्त "त्या अंगाला बघ" एवढंच सुचवतं. पुढचं तो स्वतःच्या कानाडोळ्यांनी शोधतो. म्हणून पाठांतर करून हा गेम निघत नाही. दिवे बंद, हेडफोन कानात, आणि डिफिकल्टी हार्ड.

कोकणकडा_७ (८:१४)
लॅपटॉप आहे की पीसी? ग्राफिक्स कार्ड? रॅम? हे न सांगता लोक "कोणता घेऊ" विचारतात.

अर्धाकप (८:१६)
लॅपटॉप. चालतं सगळं त्यावर. गेम कोणता ते सांगा ना.

कोकणकडा_७ (८:१७)
"चालतं सगळं" हे कार्ड कोणत्या कंपनीचं?

भाकरवडी (८:२०)
दोन्ही सोड, अ‍ॅलन वेक २ घे. त्याच्यासारखी गोष्ट दुसऱ्या कुठल्या गेममध्ये नाही.

कोकणकडा_७ (८:२२)
तो स्टीमवर नाहीच, एपिक नावाच्या दुसऱ्या दुकानात आहे. आणि जुन्या कार्डवर रडत चालतो. प्रश्न वाचत जा हो.

गल्लीतला_भाऊ (८:२५)
सेलच्या नादी लागतोस कशाला? गेमच्या की (गेम चालू करायचे कोड) विकणाऱ्या साइटी आहेत, निम्म्यात मिळेल.

शेवंती (८:२९)
अजिबात नको. मी अशाच एका साइटवरून की घेतली होती. तीन आठवडे खेळले, मग एके दिवशी लायब्ररीतून गेमच गायब. चोरीच्या कार्डावर घेतलेली की होती म्हणे. पैसेही गेले आणि सेव्ह (जतन केलेला खेळ) पण. त्यापेक्षा सेलमध्ये घे, सरळ यूपीआयने.

जुनाजाणता (८:३३)
थांबायचं असेल तर ऑक्टोबरच्या शेवटी हॅलोविनचा सेल असतो, हॉरर तेव्हा हमखास उतरतात. स्टीमडीबी नावाच्या साइटवर जुन्या किमती बघ. पूर्वी फ्लॅश डील असायच्या, दर काही तासांनी भाव बदलायचा, रात्री गजर लावून उठायचो. २०१५ च्या समर सेलनंतर ते बंद झालं. आता पहिल्या दिवशी जो भाव तोच शेवटच्या दिवशी. मजा गेली.

अर्धाकप (८:३६)
ऑक्टोबरपर्यंत थांबणार नाही. चुलतभाऊ शनिवारी राहायला येतोय, त्याच्यासोबत खेळायचाय. रात्री बारापर्यंत वेळ आहे ना?

कोकणकडा_७ (८:३७)
नाही! उन्हाळ्यात आपल्याकडे साडेदहाला संपतो. बारा वाजता बसलास तर पूर्ण किंमत दिसेल.

भाकरवडी (८:४०)
दोघांनी खेळायचं मग फॅस्मोफोबिया घ्या. माइकवर बोललेलं भुताला ऐकू जातं.

रात्रपाळी (८:४१)
त्याला दोन लॅपटॉप लागतील, दोन कॉप्या लागतील. त्याच्याकडे एकाचेच पैसे आहेत. आणि रेसिडेंट ईव्हिल हॉरर नाहीच, बंदुका घेऊन फिरायचं त्यात भीती कसली?

शेवंती (८:४६)
बंदूक आहे पण गोळ्या कुठे असतात? सहा गोळ्या शिल्लक, बोळात दोन झॉम्बी, आणि खिडकीला मारायला फळ्या एकाच खिडकीपुरत्या. ही भीती नाही तर काय? लपून बसणं म्हणजेच भीती हा एलियनवाल्यांचा हट्ट आहे.

रानजाई (८:५२)
अवांतर: खरं भय सायलेंट हिल या गेमचं. १९९९ च्या पहिल्या भागातलं धुकं तर प्लेस्टेशनला लांबचं चित्र काढता येत नव्हतं म्हणून टाकलेलं. अडचणीतून काय निघालं बघा. आमच्या गावाकडे धुकं नसतानाही चकवा लागतो. आजोबा पायवाटेवर रात्रभर एकाच आंब्याभोवती फिरले होते.

जुनाजाणता (८:५५)
तोंडात काय होतं त्यांच्या, पान की आणखी काही?

रानजाई (८:५६)
माळकरी होते ते.

अर्धाकप (९:०२)
मंडळी, चकवा मला लागलाय. लॅपटॉप २०१८ चा, ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १०५०, चार जीबीवालं. रॅम आठ. हार्डडिस्कवर चाळीस जीबी रिकामी. झालं समाधान?
आणि एक. अ‍ॅम्नेशिया भीतीने सोडला नव्हता. मळमळत होतं. डोळ्यांसमोरून नुसतं गरगरायचं.

कोकणकडा_७ (९:०४)
अरे देवा. हे आधी सांगायचं असतं!! एलियनसुद्धा अ‍ॅम्नेशियासारखाच, सगळं पात्राच्या डोळ्यांतून दिसतं. पंधरा-वीस तास ओकत बसशील. रेसिडेंट ईव्हिल २ मध्ये कॅमेरा खांद्यामागे असतो, पात्र समोर दिसतं. बऱ्याच जणांना त्याने त्रास होत नाही.

रात्रपाळी (९:०७)
सेटिंगमध्ये फील्ड ऑफ व्ह्यू (एका वेळी किती रुंद दिसतं ते) वाढव, मोशन ब्लर (हलताना चित्र पुसट होणं) बंद कर. मलाही सुरुवातीला व्हायचं.

गल्लीतला_भाऊ (९:०९)
आल्याचा तुकडा चघळ. वरंधा घाटात एसटीत आई तेच द्यायची.

शेवंती (९:१३)
१०५० वर रेसिडेंट ईव्हिल २ चालतो, पण एक कर. २०२२ मध्ये गेम बनवणाऱ्या कॅपकॉमने रे ट्रेसिंगचं (प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या दाखवणारं) अपडेट टाकलं आणि जुन्या मशीनना तो जड झाला. ओरड झाल्यावर जुनी आवृत्ती परत ठेवली. लायब्ररीत गेमवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, मग बीटाज. तिथे डीएक्स११ नॉन-आरटी (रे ट्रेसिंग नसलेली जुनी आवृत्ती) नावाची निवड. डाउनलोडच्या आधीच कर, नाहीतर दोनदा उतरवत बसशील. जागा तीस जीबीच्या आतबाहेर.

जुनाजाणता (९:१८)
शिवाय चौदा दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलास तर पैसे परत मिळतात. मळमळलं तर लगेच बंद कर, घड्याळ लावून. पण तोवर सेल संपलेला असेल, दुसरा पूर्ण भावाने घ्यावा लागेल.

अर्धाकप (९:४०)
घेतला रेसिडेंट. बीटावाला. चार टक्के उतरलाय. आभार सगळ्यांचे, रात्रपाळी सोडून.

रात्रपाळी (९:४१)
ऑक्टोबरमध्ये एलियनसाठी परत येशील.

अर्धाकप (रविवार, सकाळी ११:२०)
मळमळ नाही. भाऊ पांघरुणातून बघतोय. पण पोलीस स्टेशनातलं ते जळकं हेलिकॉप्टर एका हाताने उचलून टोपीवाला लांब कोटातला माणूस आला. आता वरच्या मजल्यावर त्याच्या बुटांचा आवाज येतोय, आणि आम्ही टाइपरायटरच्या, म्हणजे गेम सेव्ह करायच्या, खोलीत अर्धा तास बसून आहोत. तो मरतो कसा?

शेवंती (११:२४)
नाही मरत. फार तर गुडघ्यावर बसतो, मग उठतो. गोळ्या वाया घालवू नका.

कोकणकडा_७ (११:२६)
एक गोळी घाल. टोपीवर. उडते, आणि त्याची अचिव्हमेंटही (गेममधलं बक्षीस-चिन्ह) आहे.