ठसा पुसट येतो तो शाईमुळेच असं नाही

"ठसा अर्धवट उमटतो म्हणजे शाई हलकी, महागडं पॅड घ्या" असं शिक्के मारून शुभेच्छाकार्डं करण्याच्या या चर्चेत वर दोघांनी लिहिलंय, ते मला तितकंसं पटत नाही. पारदर्शक पॉलिमरचा शिक्का नवा असला की त्याच्या गुळगुळीत पृष्ठभागावर शाईचे थेंब गोळा होतात. त्यावरून साधा खोडरबर हलकेच फिरवा, मग शाई सारखी पसरते. कागदाखाली पातळ फोम घेतला तर दाबही सगळीकडे पोचतो. एवढं करूनही नाहीच जमलं तर खुशाल पॅड बदला.

मैत्रिणींबरोबर बसून कार्डं करायची मजा वेगळीच, याला मात्र शंभर टक्के अनुमोदन. फक्त पॅड सामाईक असतील तर आधी फिके रंग, मग गडद. नाहीतर कुणीतरी काळ्या शाईचा शिक्का न पुसताच पिवळ्या पॅडवर टेकवतं. (आमच्यात यावरून रुसवेफुगवे झालेत!) आणि एम्बॉसिंग पावडर (ओल्या ठशावर टाकून वितळवली की ठसा उठावदार करणारी पूड) वापरणार असाल तर पिग्मेंट शाई घ्या. ती बराच वेळ ओली राहते, त्यामुळे पावडर धरून ठेवते. डाय शाई कागदात लगेच मुरते, कार्ड झटकलं की पावडर खाली. पावडर वितळवायला हीट गनच (खूप गरम हवा सोडणारं साधन) लागते, केस वाळवायच्या ड्रायरने नुसती उडते.