अनुभव धागा: पैसा असून न दाखवता राहणं जमतं का, आणि मानवतं का?

जुनी दुचाकी, साधी चप्पल, आणि बँकेत भरपूर. अशी माणसं सगळ्यांच्याच माहितीतली असतात. असं राहणं सुखाचं असतं का, यावर लिहावं म्हणून हा धागा. आपबीती नको, आकडे लिहिले की इथेच उघड पडायचं. ज्यांना कामामुळे या गोष्टी जवळून कळतात त्यांनी काय लपतं, काय लपत नाही आणि कुठे फसतं ते सांगावं.

सातबारा
गावात जमीन लपत नाही, इथून सुरुवात करू. ७/१२ कुणीही ऑनलाइन बघतो, आठ-अ वर खातेदाराचे गावातले सगळे गट एका जागी दिसतात, खरेदीखताची सूची-२ नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर सापडते. भूसंपादनात तर गट नंबर आणि क्षेत्र अधिसूचनेतच येतं. शेजारच्या गटाला गुंठ्यामागे काय मिळालं त्यावरून तुमचा आकडा पारावर बसलेला माणूस तोंडी काढतो. त्यामुळे मोबदला मिळालेल्याने "कुठं काय मिळालं" म्हणू नये. हसं होतं, आणि पुढे खरं बोललं तरी कुणी धरत नाही.

त्यापेक्षा पैसा आहे हे मान्य करावं, पण तो चटकन हाताशी येणार नाही अशा जागी ठेवावा. पहिले सहा महिने गाडी नाही, बंगला नाही, भागीदारी नाही. एफडी १, २, ३ आणि ५ वर्षांच्या अशा वेगवेगळ्या मुदतीच्या करायच्या. एका बँकेत एका ठेवीदाराला विमा ५ लाखांचाच, तोही मुद्दल, व्याज आणि सगळ्या शाखा धरून. मोठी रक्कम म्हणून मोठ्या बँकांत. पतसंस्थेला हा विमा लागूच नाही. दीड-दोन टक्के जादा व्याजासाठी तिकडे सगळं टाकणारे नंतर ठेवीदार संघर्ष समितीच्या बैठकांना दिसतात. २०१३ च्या भूसंपादन कायद्याखालच्या मोबदल्याला प्राप्तिकर माफ आहे, पण त्या पैशाच्या एफडीच्या व्याजाला नाही. हे व्याज विवरणपत्रात न दाखवणं ही नेहमीची चूक.

उसने मागायला येणारच. वर्षाची एक रक्कम मनाशी ठरवावी आणि तेवढी परत येणार नाही असं धरूनच द्यावी. त्यापुढचं सगळं "मुदतठेवीत आहे". खरोखर उसने द्यायचे तर २० हजार किंवा त्याच्या वर रोखीने नाही, बँकेतूनच, आणि साध्या कागदावर सही-तारखेसह. वसुलीच्या दाव्याची मुदत ३ वर्षं. ती संपण्याआधी "एवढे देणे बाकी आहे" असं लिहून घेतलं तर मुदत नव्याने मोजली जाते. लोक लाजेने लिहून घेत नाहीत, मग पैसा आणि नातं दोन्ही जातं.

सगळ्यात महागात पडतं ते बहिणींपासून लपवणं. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाएवढाच आहे. "नुसती सही कर" म्हणून हक्कसोड घ्यायची आणि मोबदल्याचं बोलायचंच नाही, हा प्रकार तालुक्यागणिक आहे. बातमी पोचते, हरकत पडते, आणि वाटपाचा वाद उभा राहिला की रक्कम निकाल लागेपर्यंत अडकते. चार वाटे आधीच केले असते तर पहिल्या वर्षापासून व्याज सुरू झालं असतं.

खतावणी
सातबारा, +१. कर सल्लागाराच्या बाजूने एवढंच, की शेजाऱ्यापासून झाकणं ही तुमची मर्जी, प्राप्तिकर खात्यापासून झाकणं हा गुन्हा. व्याज, लाभांश, म्युच्युअल फंड, घराची खरेदी-विक्री, मोठी रोकड हे सगळं पॅनला जोडून वार्षिक माहिती विवरणात आधीच आलेलं असतं. ड्रायव्हरच्या किंवा गड्याच्या नावावर प्लॉट घेणारे स्वतःला हुशार समजतात. बेनामी व्यवहाराला १ ते ७ वर्षं सक्तमजुरी आणि बाजारभावाच्या २५ टक्क्यांपर्यंत दंड आहे, शिवाय प्लॉट जप्त. आणि नावावर असलेला माणूस उलटला तर कोर्टात "माझाच आहे" म्हणायचीही सोय नाही. पत्नी किंवा मुलांच्या नावावर स्वतःच्या ज्ञात उत्पन्नातून घेतलेलं चालतं.

सोन्याबद्दल एक गैरसमज फार पसरलाय. विवाहित स्त्री ५०० ग्रॅम, अविवाहित २५०, पुरुष १०० हे आकडे १९९४ च्या सूचनेतले आहेत आणि ते झडतीत काय जप्त करायचं नाही याबद्दल आहेत. घरात किती ठेवावं याची ती मर्यादा नाही. पावत्या असतील तर जास्त असलं तरी हरकत नाही, म्हणून आजीच्या पाटल्या मोडून नवीन घडवल्या तरी मोडीची पावती जपायची.

लॉकर क्रमांक शून्य
निवृत्त बँकवाला. सगळ्यात दुःखी प्रकार आम्ही काउंटरवर बघतो: गुपचूप साठवणारा माणूस जातो, आणि बायकोला खातं कुठल्या बँकेत आहे तेही माहीत नसतं. १० वर्षं दावा नसलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. बुडत नाहीत, वारस नंतरही मागू शकतो, पण आधी खातं आहे हे तर कळायला हवं! २०२३ पासून 'उद्गम' पोर्टलवर नाव आणि पॅन किंवा जन्मतारीख टाकून बऱ्याच बँकांतल्या अशा ठेवी एकत्र शोधता येतात. नाव वेगवेगळ्या स्पेलिंगने टाकून बघा, जुन्या खात्यांत वडिलांचं नाव मधे असतं-नसतं. शेअर आणि लाभांशाचं वेगळं: ७ वर्षांनी ते गुंतवणूकदार शिक्षण निधीकडे जातात आणि परत मिळवायला कागदांची फाईल लागते.

नॉमिनी टाकला म्हणजे झालं असं नाही. शेअरच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलं, की नॉमिनी मालक होत नाही, वारसांचा हक्क राहतो. म्हणून मृत्युपत्र हवंच. नोंदणी सक्तीची नाही, पण दोन साक्षीदार लागतात. ते मृत्युपत्र करणाऱ्यापेक्षा वयाने लहान आणि वाटेकरी नसलेले बरे.

लॉकरची थोडी माहिती. आत काय आहे हे बँकेला ठाऊक नसतं, त्यामुळे चोरी झाली किंवा कर्मचाऱ्याने घोटाळा केला तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या १०० पटींपर्यंतच. ३ वर्षं भाडं थकलं, तर नोटीस देऊन बँक लॉकर फोडू शकते. गुपचूप लॉकर घेणाऱ्यांचं नेमकं इथेच अडतं: नोटीस जुन्या पत्त्यावर जाते.

पोळपाट
बँकेचं झालं, घरातलं बोलूया. न दिसणारा खर्च मोकळ्या हाताने करा: चांगली गादी, चांगला चष्मा, आरोग्यविमा, दातांची कामं वेळेवर. दिसणारा खर्च आवरा: गाडी, घराचं तोंड, लग्नातलं जेवण. अशी विभागणी करणारी घरं शांत असतात, हे माझं मत.

मात्र साधेपणाचा भार दुसऱ्याच्या खांद्यावर गेला की तो कद्रूपणा. कामवालीचा पगार आळीतल्या सगळ्यात कमी घराइतका, सोसायटीच्या लिफ्टदुरुस्तीला विरोध, आणि आहेर स्वतः घेतलेल्याच्या निम्मा. हे लोक विसरत नाहीत. आहेराची वही काढून समोरच्याने किती केला होता तेवढा तरी करायचाच. मुलांना "आपल्याकडे पैसे नाहीत" असं सांगू नये. बारा-तेराव्या वर्षी ती वीजबिल आणि एसएमएस वाचतात. "आहेत, पण यासाठी नाहीत" हे वाक्य त्यांना समजतं आणि ते खरंही असतं.

सुपारी
लग्नं जुळवण्याच्या कामातलं. बायोडेटात मालमत्ता न लिहिणं योग्यच, नाहीतर भलतीच स्थळं येतात. पण दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीत, सुपारी फुटण्याआधी, मुलगा-मुलीने एकमेकांना सगळं सांगावं. आधी कर्जं, मग ठेवी. कर्ज लपवलं तर फसवणूक वाटते हे सगळ्यांना कळतं. संपत्ती लपवली तरी राग येतो हे कळत नाही: "म्हणजे वर्षभर माझी परीक्षा चालली होती?"

उसगावकर
अमेरिकेतल्यांसाठी: भारतातल्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षात एकदाही १०,००० डॉलरच्या वर गेली तर एफबार (परदेशी खात्यांची माहिती अमेरिकी सरकारला कळवण्याचं विवरण) भरावाच लागतो. आईबरोबरचं संयुक्त खातंही त्यात धरतात. "तिथलं इथे कुणाला कळतंय" म्हणू नका, भारतातल्या बँका माहिती पाठवतात.

उलटा चष्मा
सगळे व्यवस्था सांगताहेत, सुखाचं कुणीच बोलत नाही. कोलंबिया विद्यापीठातले मायकेल स्लेपियन गुपितांवर संशोधन करतात. त्यांना असं आढळलं, की माणूस गुपित दुसऱ्यापासून प्रत्यक्ष लपवण्यात जेवढा वेळ घालवतो त्यापेक्षा एकटा असताना ते मनात घोळवण्यात जास्त घालवतो, आणि त्रास त्या घोळवण्याचा असतो. पैशाला हे तंतोतंत लागू पडतं. व्हरमाँटचे रोनाल्ड रीड पेट्रोलपंपावर आणि पुढे सफाईकामगार म्हणून राबले, २०१४ मध्ये वारले, आणि मागे सुमारे ८० लाख डॉलर निघाले. बरेचसे गावच्या रुग्णालयाला आणि ग्रंथालयाला गेले. सगळे त्यांचा दाखला देतात. मला त्यातलं मृत्युपत्र महत्त्वाचं वाटतं: पैसा कशासाठी हे त्यांनी ठरवून ठेवलं होतं. ते न ठरवता नुसतं झाकणारा माणूस रखवालदारी करत बसतो.

पोळपाट
उलटा चष्मा, पटलं. पण मग एका तरी माणसाला सगळं माहीत हवं. लॉकर क्रमांक शून्य, फाईलमध्ये नेमकं काय ठेवायचं?

लॉकर क्रमांक शून्य
दोन पानं पुरतात. बँक, शाखा, खात्याचे शेवटचे चार आकडे, डिमॅट आणि म्युच्युअल फंडाचे फोलिओ, विमा पॉलिसी क्रमांक, लॉकर कुठे आणि किल्ली कुठे, कुणाकडून येणं, कुणाला देणं, मृत्युपत्र कुठे. पासवर्ड आणि पिन लिहू नका, नोंदवलेला मोबाइल नंबर लिहा आणि ते सिमकार्ड चालू ठेवायला सांगा. शिल्लक रकमाही लिहायची गरज नाही, त्यामुळे पानं कुणाच्या हाती पडली तरी आकडा फुटत नाही. दरवर्षी विवरणपत्र भरलं की त्याच आठवड्यात तारीख घालून नवीन प्रत करा, जुनी फाडा. आणि हे लॉकरमध्ये ठेवू नका, घरच्या कपाटात ठेवा.