मदत हवी आहे: क्रोकसचे कंद फ्रिजमधून कधी काढू? (नाशिक)

नमस्कार मंडळी. मी नाशिकला इंदिरानगरात राहते. गच्चीवर निशिगंध, सोनटक्का, लिली सगळं छान येतं, पण क्रोकस या थंड प्रदेशातल्या फुलापाशी अडलं आहे.

आधीच सांगते, हा केशराचा क्रोकस नव्हे. तो काश्मीरात पांपोरला ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये फुलतो. माझा थंडी सरता सरता फुलणारा, जांभळा. आई भावाकडे जर्मनीला गेली होती, तेव्हा बर्फातून वर आलेली ही फुलं तिने पाहिली. अजून आठवण काढते. आता तिला प्रवास झेपत नाही, म्हणून एकदा तरी तिच्या डोळ्यांसमोर कुंडीत फुलवायची आहेत.

गेल्या वर्षी दहा कंद नोव्हेंबरमध्ये थेट कुंडीत लावले. पानं आली, गवतासारखी बारीक, मधोमध पांढरी रेघ. फूल एकही नाही. मार्चमध्ये उकरले तर कंद बोटाने दाबताच पिचकत होते, आंबूस वास. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, त्यात ते कुजले. शिवाय यांना १२ ते १५ आठवडे ९ अंशांखालची थंडी लागते, हे नंतर कळलं. निफाडचा पारा कितीही उतरला तरी तो पहाटेपुरता, दुपारी ऊन असतंच.

यंदाचे बारा कंद सुपारीएवढे, जाळीदार सालीचे. १५ ऑक्टोबरपासून कागदी पिशवीत घालून फ्रिजमध्ये भाजीच्या ट्रेत ठेवलेत. पण पहिले दोन आठवडे त्याच ट्रेत पेरू आणि चिकू होते! पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू सुटतो आणि कंदातली कळी आतल्या आत मरते, हे वाचल्यापासून जीव थाऱ्यावर नाही. फळं लगेच काढली. कंद टणक आहेत, एकाला पांढरा कोंब दिसतोय.

कळी शाबूत आहे की नाही, हे कंद न कापता ओळखता येतं का? १२ आठवडे ७ जानेवारीला भरतात, तेव्हा रात्री गार असतात. १५ भरेपर्यंत जानेवारी संपतो, आणि फेब्रुवारीत आपल्याकडे दुपार तापू लागते. मग कधी काढू? की आत्ताच कुंडीत लावून कुंडीच फ्रिजमध्ये ठेवू, म्हणजे मुळं थंडीतच धरतील? निम्मी जाड वाळू, बाकी कोकोपीट आणि थोडं जुनं शेणखत, तीन इंच खोल, असं ठरवलंय.

पुणे-नाशिककडे कुणी प्रत्यक्ष फुलवली असतील तर कृपया सविस्तर लिहा. आणि तो कोंब आलेला कंद आजच लावू का, तेवढं जरा लवकर सांगा.