मुंबई–नागपूर: आईबाबांसाठी फर्स्ट एसी घ्यावं की सेकंड एसी?

वऱ्हाडवाट
आई ६८, बाबा ७३. बाबांचे गुडघे दुखतात, वरच्या बर्थवर चढणं शक्य नाही. दोघंच जाणार आहेत, दुरांतोने किंवा विदर्भ एक्सप्रेसने. फर्स्ट एसीचं भाडं सेकंड एसीच्या जवळजवळ पावणेदोनपट पडतंय. पैशांची अडचण नाही, पण त्या जादा पैशांत नेमकं काय मिळतं? कूपे मिळाला तर दोघं निवांत जातील, असं वाटतंय.

रूळकरी
कूपेचा विचार आधी डोक्यातून काढा. कूपेत बर्थ दोनच, एक खाली आणि एक वर. म्हणजे आई नाहीतर बाबा, कुणीतरी शिडी चढणार. तुम्हाला हवी चार बर्थची केबिन, तिच्यात खाली दोन असतात. पण फर्स्ट एसीत बुकिंग करताना बर्थ नंबर मिळतच नाही. तिकिटावर नुसतं कन्फर्म दिसतं. केबिन की कूपे, वर की खाली, हे चार्ट (गाडी सुटण्याआधी काही तास निघणारी जागांची अंतिम यादी) लागताना ठरतं. दोघांचंच तिकीट असलं की कूपे पदरात पडण्याची शक्यता चांगलीच असते. बाकीचे ज्यासाठी धडपडतात तेच नेमकं तुम्हाला नको आहे.

सेकंड एसीत ज्येष्ठांसाठी लोअर बर्थ कोटा आहे, फर्स्ट एसीत नाही. आयआरसीटीसीवर गाडी शोधताना जनरलऐवजी लोअर बर्थ/सीनियर सिटिझन हा कोटा निवडा. तिकिटावर नावं या दोघांचीच ठेवा. सोबत म्हणून तिसरं तरुण नाव घातलंत की कोटा हातचा गेला. या जागा मोजक्याच असतात, म्हणून ६० दिवस आधी, बुकिंग उघडतं त्याच सकाळी ८ वाजता बसा. भाड्यातली ज्येष्ठांची सवलत मात्र मार्च २०२० पासून बंद आहे, ती हिशेबात धरू नका.

चार्टवेडा
वरच्याला एक जोड. कोटा संपला असेल तर जनरलमध्ये 'दोन लोअर बर्थ मिळाल्या तरच बुक करा' असा पर्याय आहे, तो निवडा. पण साइड लोअरही लोअरच धरतात. सेकंड एसीत ५, ११, १७ असे नंबर आले तर ते साइड लोअर. १, ३, ७, ९ आले तर मुख्य खणातले. उंच माणसाला साइडवर पाय नीट पसरता येत नाहीत.

आणि ऑटो अपग्रेडेशनची खूण आठवणीने काढा. जादा पैसे न घेता सेकंडमधून फर्स्टला नेतात हे खरं, पण त्यात मिळवलेल्या लोअर बर्थ जातात आणि फर्स्टला कोणती बर्थ येईल याची खात्री नाही. फुकटचं फर्स्ट एसी बाबांना महागात पडेल.

वऱ्हाडवाट
म्हणजे फर्स्ट एसी घेऊच नये?

रूळकरी
तसं नाही. दाराला आतून कडी, पडद्याऐवजी भिंत, रुंद बर्थ, मोकळी बोळ आणि ७० किलो सामान (सेकंडला ५०), हे मिळतं. चौघं मिळून जात असाल तर अख्खी केबिन आपली होते आणि तेव्हा पैसे वसूल. कुत्रा सोबत न्यायचा असेल तर दुसरा मार्गच नाही, पूर्ण कूपे किंवा केबिन घ्यावी लागते. पण दोघंच असतील आणि केबिन मिळाली, तर उरलेल्या दोन बर्थवर अनोळखी माणसं येणार. रात्री भुसावळला किंवा अकोल्याला कुणी चढलं की दार उघडायला उठावं लागतं. गाडीचे धक्के मात्र भाडं बघून बसत नाहीत.

चार्टवेडा
दुरांतोचं गणित वेगळं आहे, ते बघा. तिथे सेकंड एसीला फ्लेक्सी भाडं लागतं: दर १० टक्के जागा विकल्या गेल्या की मूळ भाडं १० टक्क्यांनी चढतं, कमाल १.४ पटीपर्यंत. फर्स्ट एसीला फ्लेक्सी नाही. उशिरा बुक करणाऱ्याला दोन्ही वर्गांतला फरक बराच कमी होतो. विदर्भला फ्लेक्सी नाही, तिथे तुम्ही म्हणता तो फरक कायम राहतो.

फर्स्टची वेटिंग लिस्ट घेऊन मात्र थांबू नका. पूर्ण डबा असला तरी बर्थ २४, अर्धा असला तर त्याहून कमी. आरएसी (एक बर्थ दोघांत वाटून बसायची सोय) नसते, तत्काळही नाही. वेटिंग ४ वरसुद्धा अडकतं आणि ई-तिकीट चार्ट लागल्यावर आपोआप रद्द होतं. पैसे परत येतात, प्रवास राहतो. ते टाळायचं तर चार्टची वाट न बघता आदल्या दिवशी १० वाजता सेकंडचं तत्काळ काढावं लागतं आणि तत्काळमध्ये लोअर बर्थ कोटा लागू होत नाही.

रूळकरी
फर्स्टच घ्यायचं ठरलं, तर पीएनआर आणि वयं लिहून वाणिज्य विभागाकडे आदल्या दिवशी 'कूपे नको, केबिनमध्ये दोन लोअर हव्यात' असा अर्ज द्या. हमी नाही, पण अर्जाशिवाय चार्ट करणाऱ्याला गुडघ्यांचं कळणार कसं? शिवाय एच१, म्हणजे फर्स्ट एसीचा डबा, कुठे लागतो ते आधी पाहून ठेवा. तो पुष्कळदा टोकाला असतो आणि २२ डब्यांची गाडी अर्धा किलोमीटर लांब असते. सीएसएमटीला व्हीलचेअर किंवा हमाल आधीच ठरवा, नाहीतर बाबांचे गुडघे गाडीत बसायच्या आधीच बोलायला लागतील.