मी विकलेली गाडी तीन आठवड्यांत सव्वापट भावाने पुन्हा विक्रीला. वाईट वाटणं चूक आहे का?

जुनी_किल्ली (धागाकर्ता)

अकरा वर्षं वापरलेली गाडी गेल्या महिन्यात विकली. घेणारा माणूस बोलायला गोड. मुलगी नुकतीच गाडी शिकलीय, तिला हात बसवायला जुनी पण सांभाळलेली गाडी हवी, म्हणाला. घासाघीस बरीच झाली. शेवटी "मुलीसाठी आहे ना, जाऊ दे" म्हणून मी ठरल्यापेक्षाही थोडे कमी घेतले. वर नवे वायपर आणि सर्व्हिसिंगची सगळी बिलं फाइलला लावून दिली.

काल जाहिराती चाळताना तीच गाडी दिसली. मागच्या दारावरचा पोचा माझ्याच हातचा, तो कसा विसरेन? किंमत माझ्या सव्वापट. मजकूर "एकाच मालकाने जिवापाड जपलेली", आणि पुराव्याला माझ्याच फाइलचे फोटो!

आणखी एक. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा काही महिन्यांपासून लागलेला होता. मी तो स्वतःहून दाखवला. त्याने तोंड बारीक केलं, "मोठं काम निघेल हो" म्हणाला आणि त्यापोटी किंमत पाडली. जाहिरातीतल्या फोटोत दिवा विझलेला आहे.

घरचे म्हणतात, पैसे मिळाले, विषय संपला. मला मात्र रात्री नीट झोप लागली नाही. तुमचं काय मत?

हिशेबनीस

घरचे बरोबर आहेत. तुम्ही किंमत सांगितली, त्याने दिली, तुम्ही मोजून घेतली. त्यानंतर त्याने ती गाडी सव्वापटीत विकावी नाहीतर कोंबड्या पाळायला वापरावी, तुमचा संबंध काय?

आणि सव्वापट म्हणजे सगळा नफा नव्हे. आतून-बाहेरून धुणं, रबिंग-पॉलिश, पिवळे पडलेले हेडलाइट घासून काढणं (काच नसते ती, पॉलिकार्बोनेट असतं, उन्हाने पिवळं पडतं), कदाचित बॅटरी, विमा, नाव बदलण्याचा खर्च. शिवाय रोज दहा जण फोन करतात, त्यातले नऊ नुसतेच चौकशी करणारे. हे सगळं तुम्हीही करू शकला असता. तुम्हाला त्रास नको होता, म्हणून स्वस्तात दिली. तुमचा टळलेला त्रास त्याने विकत घेतला.

आणि जाहिरातीतली किंमत म्हणजे हातात पडलेली किंमत नव्हे, हे तुमच्याइतकं कोणाला माहीत?

मागची_सीट

हिशेबनीस, तुमचा हिशेब चोख आहे, पण धागा नीट वाचलात का? त्यांनी सूट गाडीला दिली नव्हती, मुलीला दिली होती. ती मुलगी खोटी निघाली तर त्या सुटीपुरती ही फसवणूकच. "मी गाड्या घेतो-विकतो" असं सरळ सांगितलं असतं तरी कदाचित सौदा झाला असता, फक्त भाव वेगळा ठरला असता.

हिशेबनीस

म्हणजे घेणाऱ्याने आधी घरची परिस्थिती सांगायची आणि मग भाव? मुलगी खरी असेलही. तिला गाडी आवडली नसेल. तिने दिवा बघून नाक मुरडलं असेल.

मागची_सीट

आणि मग तिनेच तीन आठवड्यांत पॉलिश करून, दिवा विझवून, जाहिरातीचे फोटो काढले असतील. बरं.

चौथा_गिअर

दिव्याबद्दल. तो लागण्याची कारणं शेकड्यांनी असतात, पण त्यातलं एक अगदी फुटकळ: पेट्रोलच्या टाकीचं झाकण सैल बसणं किंवा त्याचं रबर खराब होणं. टाकीतली वाफ बाहेर जाते, यंत्रणा तिला गळती समजते आणि दिवा लावते. जुन्या गाड्यांत नेहमीचा पाहुणा. झाकण बदललं, थोडी गाडी चालवली की आपोआप विझतो. स्कॅनर लावला तर कोड दोन मिनिटांत कळतो. रोज गाड्या घेणाऱ्याच्या खिशात तो असतोच.

पण दुसरी शक्यताही आहे. त्याच स्कॅनरने कोड नुसता पुसूनही टाकता येतो. दिवा विझतो, बिघाड तसाच राहतो, आणि काही दिवसांनी नव्या मालकाच्या नशिबी परत पेटतो. त्यामुळे इथे फसलं कोण, हे अजून ठरायचं आहे. धागाकर्ते नसतीलच कदाचित.

जुनी_किल्ली (धागाकर्ता)

झाकण! गेल्या वर्षीपासून ते "कट्" असा आवाज करत नव्हतं. अरे देवा.

हिशेबनीस

समजा झाकणच होतं आणि त्याला ते कळलं होतं. तरीही सांगायला तो बांधील नाही. हा वाद जुना आहे. 1815 साली न्यू ऑर्लिन्समध्ये ऑर्गन नावाच्या व्यापाऱ्याला युद्ध संपल्याची बातमी इतरांच्या आधी कळली. त्याने लगेच लेडलॉ कंपनीकडून तंबाखूची 111 पिंपं घेतली. बातमी पसरली आणि भाव उसळला. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. 1817 मध्ये मुख्य न्यायाधीश मार्शल यांनी सांगितलं, बाहेरची माहिती विकणाऱ्याला देण्याचं बंधन घेणाऱ्यावर नाही. कष्टाने मिळवलेलं ज्ञान फुकट वाटायचं असेल तर ते मिळवेल कोण?

मागची_सीट

अर्धाच निकाल सांगितलात. त्याच निकालात हेही आहे की कोणीही दुसऱ्याची दिशाभूल होईल असं बोलू किंवा वागू नये. विकणाऱ्याने ऑर्गनला विचारलं होतं, भाव वाढेल अशी काही बातमी आहे का, आणि तो गप्प राहिला होता. फसवणूक झाली की नाही हे ज्यूरीने ठरवायला हवं होतं, म्हणून खटला पुन्हा चालवायला परत पाठवला. गप्प बसणं एक, तोंड बारीक करून "मोठं काम निघेल" म्हणणं दुसरं. हा माणूस नुसता गप्प बसला असता तर मी तुमच्या बाजूने असते.

हिशेबनीस

"निघेल" म्हणाला, "निघणार" नाही.

मागची_सीट

वकील व्हा तुम्ही.

कपबशी

थोडं वेगळं बोलते. 1990 मध्ये काहनेमन, नेच आणि थेलर यांचे कपांचे प्रयोग प्रसिद्ध झाले. वर्गातल्या अर्ध्या विद्यार्थ्यांना कॉफीचे कप दिले, अर्ध्यांना नाही, आणि मग खरेदी-विक्री करायला सांगितली. कप हातात येऊन थोडाच वेळ झाला होता, तरी विकणारे घेणाऱ्यांच्या साधारण दुप्पट किंमत मागत होते. कप तोच, पण आता "माझा" होता.

थोड्या वेळाच्या कपाचं हे, तर अकरा वर्षांच्या गाडीचं काय? मला वाटतं धागाकर्त्यांना पैशांपेक्षा ते वाक्य लागलंय, "एकाच मालकाने जिवापाड जपलेली". जपलं यांनी आणि त्या जपण्याचे पैसे मिळाले दुसऱ्याला. आईची शिलाई मशीन विकली होती तेव्हा मलाही असंच झालं होतं. घेणाऱ्याने ती दुकानात शोभेला ठेवली. मी त्या रस्त्याने जाणं बंद केलं. त्याने काहीच चूक केली नव्हती, हे मला तेव्हाही कळत होतं.

दोन_पैसे

मी हाच धंदा करतो, त्यामुळे शिव्या खायची तयारी ठेवून लिहितोय.

पाच गाड्या घेतल्या की दोनांत बरं सुटतं, दोनांत मुद्दल निघतं, एक बुडवते. बुडवणारी गाडी विकताना कोणी फोन करून "अरेरे, तुझं नुकसान झालं, थोडे परत घे" म्हणत नाही. ॲकरलॉफ यांनी 1970 मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावरच निबंध लिहिला आणि त्या कामाबद्दल 2001 चं नोबेल वाटून घेतलं. त्यांचं म्हणणं, गाडीची खोट विकणाऱ्याला माहीत असते, घेणाऱ्याला नसते. शंभरातल्या नव्वद व्यवहारांत आंधळे आम्ही असतो. एखाद्या वेळी आम्हाला जास्त दिसलं की लगेच आम्ही चोर?

मुलीबिलीची गोष्ट मात्र मी सांगत नाही. ती सांगणारे आमच्यात आहेत. त्यांच्यामुळे मला पहिला अर्धा तास "मी तसा नाही" हे पटवण्यात घालवावा लागतो.

मागची_सीट

दोन_पैसे, तुमच्याशी काही भांडण नाही. तुम्हाला गाडी विकायला आवडेल.

दोन_पैसे

झाकण तपासून आणा :)

बोनेट_उघडा

एवढंच मनाला लागत असेल तर अट घालायची. फोर्डने जीटी गाडी विकताना ग्राहकांकडून 24 महिने न विकण्याचं लिहून घेतलं होतं. कुस्तीगीर-अभिनेता जॉन सीना याने ती लवकर विकली, कंपनीने 2017 मध्ये दावा ठोकला, पुढच्या वर्षी तडजोड झाली.

हिशेबनीस

ती रांग लावून मिळणारी गाडी होती. पोचा पडलेल्या, दिवा लागलेल्या गाडीवर अट घातलीत तर माणूस उठून जाईल. असो. किल्लीभाऊ, झोप लागली नाही हे समजू शकतो, पण त्याला जाब विचारायला फोन करू नका. उत्तर काय येणार ते मी आत्ताच लिहून देतो.

कागद_आधी

सगळे नफ्यावर बोलताय, कोणी कागदांचं विचारलं नाही. तीन आठवड्यांत फिरणाऱ्या गाड्यांत एक प्रकार सर्रास चालतो. घेणारा तुमच्या सह्या घेतो, स्वतःच्या नावावर करतच नाही, आणि सह्या केलेले कागद जसेच्या तसे पुढच्याला देतो. त्याचा एक फेरा वाचतो. तोवर नोंदीत मालक तुम्हीच. मधल्या काळात गाडीने कोणाला ठोकलं, दंड झाला, तर विचारणा तुमच्याकडे येते. जाहिरातीत "एकाच मालकाने" असं लिहिलंय ना? दोन मालक झाले असते तर तसं लिहिता आलं असतं का?

सह्या करताना घेणाऱ्याचं नाव आणि तारखेची जागा भरली होती का?

जुनी_किल्ली (धागाकर्ता)

तारीख मी घातली होती. नावाची जागा "मुलीच्या नावावर करायची की माझ्या, घरी ठरवून भरतो" म्हणून त्याने कोरी ठेवायला सांगितली होती.

आत्ता नोंद बघितली. मालक म्हणून माझंच नाव आहे.

हिशेबनीस

मघाशी फोन करू नका म्हणालो होतो ना? करा. आत्ताच करा.