शेवंतीला नुसताच पाला, कळीचा पत्ता नाही! मदत हवी आहे

कोथरूडला दुसऱ्या मजल्यावर आमची पूर्वेकडची बाल्कनी आहे, दुपारपर्यंत चांगलं ऊन येतं. पिवळ्या शेवंतीच्या कुंड्या उन्हाळ्यात भरल्या. पावसाळाभर शेंडे खुडले, ऑगस्टअखेर थांबवलं. झाडं मस्त डेरेदार झालीत, पण दसरा होऊन गेला तरी एक कळी नाही. याच झाडांचे फुटवे नणंदेने सातारा रोडला नेले होते, तिच्याकडे कळ्या धरल्यासुद्धा! मार्गशीर्षातल्या गुरुवारी घरची फुलं वाहावीत एवढीच हौस. तेव्हा मंडईत शेवंतीचा भाव विचारायची सोय नसते.

बाकी मंडळी मजेत आहेत. मोगरा उन्हाळाभर फुलला, गवती चहा तर शेजारीपाजारी वाटूनही संपत नाही. फक्त पानओवा पावसात सडला, आणि तुळशीच्या दर वर्षी लग्न लागलं की काड्या होतात. त्याबद्दलही सांगा. माती लाल, शेणखत, थोडं कोकोपीट, अधूनमधून निंबोळी पेंड.

गच्चीकर : नत्र जास्त झालंय. शेणखत बंद करा, चमचाभर राख घाला. आठवड्यात फरक दिसेल.

मातीतली : आठवड्यात काही दिसत नाही हो, राखेने तर नाहीच. नणंदेकडे वेगळं काय आहे ते बघू. ताई, रात्री तुमच्या बाल्कनीत उजेड किती असतो?

धागाकर्ती : समोर पार्किंगचा नवा एलईडी आहे. रात्रभर इतका लख्ख की बाल्कनीत बसून पेपर वाचता येईल. नणंदेची बाल्कनी मागच्या बाजूला, अंधारी. पण फुलांचा आणि रात्रीचा काय संबंध?

मातीतली : तोच तर संबंध आहे. शेवंती दिवस लहान झाले की कळी धरते, आणि ते तिला कळतं सलग अंधारावरून. पुण्यात जूनमध्ये दिवस १३ तासांहून थोडा मोठा, डिसेंबरात जेमतेम ११. मध्यरात्री तासभर दिवा लागला तरी तिच्या हिशेबी रात्र तुटते आणि ती पाला वाढवत राहते. फूलशेती करणारे हेच मुद्दाम करतात: फुलं उशिरा हवी असली की रात्री बल्ब लावतात, लवकर हवी असली की संध्याकाळीच काळं कापड ओढतात. तुमचा मोगरा या भानगडीत नाही. त्याला ऊब, ऊन आणि जानेवारी-फेब्रुवारीतली छाटणी पुरते.

कुंड्या स्वयंपाकघराच्या बाजूला हलवा. तिथेही दिवा असेल तर संध्याकाळी सहाला झाकायचं, सकाळी आठला उघडायचं. एकही रात्र चुकवू नका. जातीप्रमाणे दोन-अडीच महिने लागतात, म्हणजे आज सुरू केलंत तर निदान शेवटचे गुरुवार साधतील.

परसूआत्या : पानओव्याची पानं जाड, पाणी साठवणारी. त्याला पावसाची झड सोसत नाही. मेअखेर चार काड्या खोचून ती कुंडी छपराखाली ठेवत जा. भज्यांना पावसातच तर लागतात पानं! तुळशीचं म्हणाल तर ती थंडीने गळते. मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडा म्हणजे झाड लवकर काष्ठ होत नाही. त्यातल्या थोड्या वाळवून बी धरा. थंडीत पाणी कमी, आणि छाटणी मात्र फेब्रुवारीअखेर, ऊन तापायला लागल्यावर. आत्ता कात्री लावू नका, फुटवा येणार नाही.

धागाकर्ती : स्वयंपाकघराकडे ऊन अजिबात नाही, म्हणून झाकायचंच ठरवलं. टीव्हीचं रिकामं खोकं चालेल का? आत कोंदट होऊन पानांवर भुरी, म्हणजे ती पांढरी बुरशी, येईल अशी भीती वाटते.

मातीतली : चालेल. तळाला दोन विटांवर टेकवा, खालून वारा खेळेल. फटीतून दिव्याचा झोत येत नाही ना, हे एकदा रात्री बघून घ्या. पाणी सकाळीच आणि मातीला, पानांवर नको. कळीवर पिवळा रंग दिसायला लागला की खोक्याची सुट्टी.